घडी आणि तिची न दिसणारी सवत

मी एक जुनी घडी आहे. सुती लुगड्याचा हातभर तुकडा सहा पदरी दुमडून त्याच्या कडेने धावदोरा घातला की जी वस्तू तयार होते, ती मी. माझे काम एका वाक्यात सांगता येते. पण ते वाक्य घरांमध्ये सहसा उच्चारले जात नाही. म्हणून, मित्रांनो, ते मीच सांगते. वय झालेल्या अनेक बायकांना खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना थोडी लघवी आपोआप होते. ती नेसत्या कपड्यावर दिसू नये, यासाठी मी असते. मी कुणाचा तरी मत्सर करते, हेही सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. पुढे माझे काही निष्कर्ष चुकलेले आढळतील. त्याचे कारण तेच आहे.

लुगडे म्हणून मी मनोरच्या बाजारातून आले. माझा कापूस कुठल्या शेतातला आणि विणकर कोण, हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. मला घेतले जमुनाने, तिची नात दीपा जन्मली त्या वर्षी. बोईसरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, उतारावरच्या एका पाड्यात तिचे कुडाचे घर आहे. पावसाळ्यात भाताची आवणी करायची, दिवाळीनंतर डोंगरावरचे गवत कापायचे आणि त्याचे भारे डोक्यावरून खाली आणायचे, ही तिची कामे. ती करताना मी तिच्या कमरेला घट्ट असे. पुढे करवंदीच्या जाळीत माझा काठ फाटला, मग पदर विरला, आणि शेवटी मी पत्र्याच्या पेटीत तळाशी गेले.

जमुना धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात आणि त्याच्यासमोर बसून धवलेरी गाणी म्हणते; त्या गाण्यांनी लग्न लागते. गाणी कित्येक तास चालतात. ज्या म्हातारीने जमुनाला ती दिली, तिने एक अट घातली होती: गाणे अर्ध्यावर टाकून उठायचे नाही. जमुनाने तीस वर्षे ती पाळली. सहा वर्षांपूर्वी एका लग्नात वरचा सूर लावताना तिच्या पोटावर ताण आला आणि नेसते लुगडे भिजले. तिने गाणे पूर्ण केले, पण जागची हलली नाही. माणसे जेवायला उठली, तेव्हा तिने शेजारचा तांब्या हाताने कलंडवला आणि मोठ्याने म्हणाली, "या मेल्या तांब्याला बूड हाय का नाय?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला पेटीतून काढले, विळ्यावर फाडले आणि माझ्या सहा घड्या शिवल्या. मी मधल्या भागाची, म्हणून सर्वांत मऊ. बाहेर जाताना ती मलाच निवडत असे.

ती माझ्या मानाची वर्षे होती, मित्रांनो. स्तुती करणारे माणूस एकच, आणि तेही कुजबुजत. पण स्तुती खरी होती. मला कमरेच्या नाडीला अडकवताना ती म्हणायची, "तू हायस म्हनून मी चार मान्सांत हाय, बाय." हे वाक्य मी सहा वर्षे ऐकले. एखाद्याला कुणाची इतकी गरज असावी, हे सुख लहान नाही.

माझ्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मी ओल शोषते. ओल थांबवत नाही. शिवाय मला कुणी पाहू नये म्हणून जमुना मला भाताच्या कणग्यामागे, गोणपाटाखाली वाळत घाली. तेथे मी कधी पुरती सुकले नाही, आणि दमट कापडाने तिची कातडी हुळहुळत राहिली. तिचा नवरा झिपरू याने तिला उपाय सांगितला होता, "पानीच पिऊ नको. आडात नसंल तर पोहऱ्यात कुठनं येल?" ती बाहेर जायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडू लागली. तरीही फरक पडेना. मग तिने लग्ने नाकारायला सुरुवात केली. धवलेरीचा घसा बसला, असे पाड्यात म्हणू लागले. जमुनाने ते खोडून काढले नाही. बसलेला घसा सांगता येतो.

दीपा आता बोईसरच्या एका कारखान्यात खोकी भरण्याच्या विभागात कामाला जाते. मार्गशीर्षात तिचे लग्न ठरले. ते वैशाखात व्हायचे होते. त्या संध्याकाळी तिने चुलीपुढे बसलेल्या जमुनाला विचारले, "माझं लगीन तूच लावशील ना, आजी?"

"वाणगावची धवलेरी बोलव. तिचा गळा मोकळा हाय."

"तिचा मोकळा हाय, आन् तुझा काय ट्रकखाली आला?"

"डोकरीला मान पायजे," ओट्यावरून झिपरू म्हणाला. "दोनदा इचारल्याबिगर ती हो बोलत नाय. मी पन दोनदाच इचारलं व्हतं."

दीपा हसली. जमुना हसली नाही. मोकळे हसणे तिला परवडत नसे. ती एवढेच म्हणाली, "मना नाय जमायचं, पोरी." आणि चुलीकडे तोंड फिरवून बसली. ज्या नातीला अंगाखांद्यावर वाढवले तिच्याच चौकासमोर दुसरी बाई बसणार, हे तिने स्वतःच्या तोंडाने ठरवून टाकले होते. त्या रात्री तिचे जेवण झाले नाही, एवढे मी सांगू शकते.

चार दिवसांनी दीपा सूप शोधत कणग्यामागे वाकली आणि तिने गोणपाट उचलले. दोरीवर आम्ही सहाजणी होतो. जमुना दारात उभी होती.  दीपाने गोणपाट पुन्हा ठेवले नाही, बाजूला टाकले आणि म्हणाली, "आमच्या कंपनीतल्या एका बाईला बी हे हाय. चाळिशीची हाय ती. उपकेंद्रात गेली व्हती. आपन सोमवारी जाऊ."

"कोनाला सांगशील तर याद राख."

"कोनाला सांगू? पन घसा बसला म्हनून फिरतेस ते आता बंद कर."

आरोग्य उपकेंद्रात प्रतीक्षा नावाची परिचारिका आहे. तिचे वडील तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. ती तेथल्या वसाहतीत वाढली, म्हणून तिची मराठी शाळेतल्यासारखी आहे. तिने घाईने काही ठरवले नाही, हे मला मान्य करावे लागते. आधी लघवी तपासली. जंतुसंसर्ग नव्हता, साखरही नव्हती. कधी होते, किती होते, बाळंतपणे किती, हे विचारले. आठवडाभर मोजदाद ठेवायला सांगितली. जमुनाला लिहिता येत नाही. तेव्हा तिने स्वतःच युक्ती काढली. घडी बदलली की एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पहिल्या आठवड्यात डब्यात एकतीस चिंचोके जमले. मोजमापाचे साधन म्हणून माझी नेमणूक झाली, याचा मला अभिमान वाटला. तो फार दिवस टिकला नाही.

"आजी, कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते," प्रतीक्षा म्हणाली. "बाळाला टांगतो ना, तशी. लघवीची पिशवी तिच्यावर टेकलेली असते. बाळंतपणं झाली, वर्षानुवर्षं भारे वाहिले, वय झालं, की ती झोळी सैल पडते."

"मंग टाका घालून दे."

"टाका नको. ती झोळी स्नायूंची आहे, तिला काम दिलं की बळ येतं. आतून आवळायचं, तीनपर्यंत मोजायचं, सैल सोडायचं. असं आठदा. दिवसातून तीन वेळा, तीन महिने."

"आन् औशद?"

"हेच औषध."

"बाटली नाय, गोळी नाय, सुई बी नाय," जमुना दीपाकडे वळून म्हणाली, "आन् म्हने औशद!"

माझेही मत अगदी तेच होते.

अशा रीतीने ती आमच्या घरात आली. जमुनाने तिचे नाव आवळसोड ठेवले. मित्रांनो, सवत कशी असते ते मी ऐकून होते. पण निदान सवतीला तोंड असते, तिच्याशी भांडता येते. हिला आकार नाही, वजन नाही, रंग नाही. हिला धुवावे लागत नाही, वाळत घालावे लागत नाही, लपवावे लागत नाही. तांदूळ निवडताना ही जमुनाबरोबर, भाकरी थापताना हीच, मनोरच्या एसटीची वाट पाहतानाही हीच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, म्हातारी नुसती बसली आहे. आणि आत या दोघींचे गुपित चाललेले. पूर्वी जमुनाचे गुपित मी होते. ते स्थान मी सहा वर्षे भिजून मिळवले होते. हिने ते आठ वेळा आवळून घेतले.

मग चार आठवड्यांनी चिंचोके मोजले. अडतीस.

मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मला आनंद झाला. एकतीसचे अडतीस म्हणजे उपचाराने रोग वाढला होता, आणि हा निष्कर्ष मी स्वतःच्या अंगावर पडताळला होता. जमुना संतापून डबा कणग्यावर आपटत म्हणाली, "ही आवळसोड माझं वाटोळं करनार." आणि मला कमरेला घेताना तिने माझ्यावरून जरा जास्तच हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तिने झिपरूला वाणगावला निरोप द्यायला सांगितले: धवलेरीने वैशाखातला दिवस राखून ठेवावा.

दीपा मात्र तिला पुन्हा उपकेंद्रात घेऊन गेली. प्रतीक्षाने अडतीस हा आकडा ऐकून घेतला, जमुनाला खाटेवर झोपवले, परवानगी विचारली आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

"आता करून दाखवा."

जमुनाने श्वास कोंडला, दात आवळले, पोट दगडासारखे केले.

"थांबा, थांबा! आजी, तुम्ही खाली ढकलताय."

"तूच बोललीस आवळ. भारा डोक्यावर घ्यायचा तर असंच आवळतात. मी काय आज शिकले?"

प्रतीक्षाने हात मागे घेतला. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मी नुसतं सांगितलं, हात लावून पाहिलं नाही." पन्नास वर्षे गवताचे भारे उचललेल्या बाईला 'आवळ' म्हटले की तिचे शरीर भाराच उचलणार, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. जमुना महिनाभर दिवसातून चोवीस वेळा एक न दिसणारा भारा उचलत होती, आणि त्याचे सगळे वजन त्या सैल झोळीवर टाकत होती.

"असं बघा," प्रतीक्षा आवाज खाली आणत म्हणाली, "चार माणसांत बसलाय आणि वारा सरायला आला, तर काय करता?"

जमुनाने तिच्याकडे पाहिले. मग दीपाकडे पाहिले. "चौकासमोर बसून कोन पादंल गं?" ती म्हणाली. "तो तर धवलेरीचा पयला धडा!"

"तोच धडा करायचा. पोट सैल, श्वास चालू, आणि आतून वर उचलायचं."

"येवढंच? मंग आधी का नाय बोललीस? लाजलीस व्हय?"

तिघीही हसल्या. हसताना जमुना भिजली. तो त्या दिवसाचा माझा एकमेव विजय.

निघताना प्रतीक्षाने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. ओझे उचलण्याआधी, खोकल्याआधी, वरचा सूर लावण्याआधी आतून आवळून घ्यायचे. पाणी तोडायचे नाही. लघवी गडद झाली की पिशवीला उलट जास्त टोचते. आणि घड्या साबणाने धुऊन उन्हात वाळवायच्या. त्यामुळे सहा वर्षांत प्रथमच मला ऊन मिळाले. ते माझ्या वैरिणीमुळे मिळाले, हे मला त्या उबेतही बोचत होते.

पुढचे आकडे मी जसेच्या तसे देते. या दुसऱ्या भेटीपासून सहा आठवड्यांनी बावीस. दहा आठवड्यांनी अकरा.

मी सहजासहजी मान्य केले नाही, मित्रांनो. एका आकड्याला अनेक कारणे असू शकतात, आणि मत्सरी मनाला ती भराभर सुचतात. गवताचा हंगाम संपला होता, म्हणजे भारे थांबले होते. ऊन वाढले होते, म्हणजे पाणी घामावाटे जात असणार. कदाचित चिंचोका टाकायलाच ती विसरत असेल. फाल्गुन संपेपर्यंत मी या तीन शंकांच्या आधाराने तग धरला.

चैत्रात झिपरूला खोकला झाला आणि त्याच्याकडून तो जमुनाला लागला. मी मनातून तयार झाले. खोकला हे माझे हक्काचे राज्य; आदल्या वर्षीच्या खोकल्यात आम्ही सहाजणी मिळून दिवसभर पुरलो नव्हतो. पहिली उबळ आली. मी वाट पाहिली. उबळीच्या आधी, अगदी अर्धा क्षण आधी, आत काहीतरी वर उचलले गेले. ती खोकली. माझ्यापर्यंत काही आले नाही. मग दुसरी उबळ, तिसरी. दिवसभरात माझ्यावर रुपयाएवढा एक डाग पडला. भारे, ऊन, विसरभोळेपणा, यांपैकी कशानेही हे स्पष्ट होत नव्हते. त्या आठवड्याचे चिंचोके सहा. मी तिन्ही शंका मागे घेतल्या. मत्सर मागे घेता आला नाही.

जमुनाने झिपरूला पुन्हा वाणगावला धाडले. "सांग तिला, तूही ये. पन चौकासमोर मी बसनार. माझा आवाज तुटला तरच तू उचल."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून चौक लिहिला जात होता. तांदळाच्या पिठाचा वास कुडातून आत येत होता. जमुना कणग्यापाशी आली. मी सकाळच्या उन्हात सुकून, घडी होऊन तयार होते. इतक्या मोठ्या दिवशी ती मला सोडून जाईल, हे माझ्या कल्पनेत नव्हते. तिने मला हातात घेतले, बोटांनी चाचपले आणि पुन्हा कणग्यावर ठेवले.

"असू दे की," दीपा हळद लागलेल्या हाताने मला उचलत म्हणाली. "कोनाला काय दिसतंय?"

"नको. बांधली तर माझं मन तिच्यात राहील. मन गान्यात पायजे."

"आन् झालं तर?"

"झालं तर झालं. तांब्या हाय ना शेजारी."

ती गेली. मी कणग्यावर राहिले. आमच्यामध्ये एक कुडाची भिंत होती आणि तिच्यापलीकडे शंभर माणसे.

गाणे सुरू झाले. मला ते पाठ आहे. कुठल्या ओळीला सूर चढतो आणि कुठे तिला माझी गरज लागते, हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार? पहिला चढ आला. आवाज वर गेला, सरळ, न थरथरता. दुसरा चढ. मित्रांनो, मी त्या वेळी काय इच्छिले ते सांगायला मला संकोच वाटतो. तिने उठावे, असे मी इच्छिले. शंभर माणसांसमोरून तिने घाईघाईने आत यावे, मला घ्यावे आणि ते जुने वाक्य म्हणावे. प्रेम आणि मत्सर यांची सरमिसळ झाली की माणसे काय इच्छितात ते मी ऐकले होते. कापडही तेच इच्छिते.

दुपार झाली. तिसरा चढ, सर्वांत लांब, सहा वर्षांपूर्वी जो अंगावर आला होता तोच. आणि ओळीच्या मध्येच आवाज थांबला.

बाहेर कुजबुज झाली. वाणगावच्या धवलेरीने खाकरून घसा साफ केला, ते मला स्पष्ट ऐकू आले. झिपरूची काठी जमिनीवर एकदा आपटली. मी कणग्यावर पूर्ण उलगडल्यासारखी वाट पाहू लागले.

"थांब बाय, खाकरू नको," जमुनाचा आवाज आला. "मी हाय अजून. घसा सुकलाय. कोनी तांब्याभर पानी द्या मना."

पाणी आले. ती ते सगळे प्यायली. घोट घोट नव्हे, गटागटा. कुणीतरी हसले. मग तिने ओळ सोडली होती तेथूनच उचलली आणि चौक पुरा होईपर्यंत गात राहिली. ती जागची उठली, तेव्हा आधी दीपाने वाकून तिचे पाय धरले. नंतर तिच्या लुगड्याबद्दल कुणी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही नव्हते.

आज मी पेटीत असते. माझ्या दोन बहिणी सारवणाच्या कामाला गेल्या. आवळसोड रोज घरात वावरते. सोडली की झोळी पुन्हा सैल पडते, हे जमुनाला सांगितलेले आहे, आणि ती सोडत नाही. मागच्या महिन्यात ताप आणि खोकला एकदमच आला, तेव्हा तिने मला काढले. दोन थेंब. मी ते जपून ठेवल्यासारखे शोषले. या व्यायामाने प्रत्येकीचे सगळेच थांबते असे मी म्हणणार नाही. काहींना पुढचे उपचार लागतात, आणि एका डब्यातल्या चिंचोक्यांवर शास्त्र उभे राहत नाही. पण माझ्यावर जे पडले आणि जे पडले नाही, ते मी मोजले आहे.

तेव्हा मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरात एखादी आजी प्रवासाच्या आदल्या दिवशी पाणी नको म्हणत असेल, हसता हसता एकाएकी गप्प होत असेल, लग्नकार्याला नको म्हणत असेल किंवा तिथे दाराजवळच बसत असेल, तर तिला चिडवू नका आणि तिचा घसा बसला यावर लगेच विश्वास ठेवू नका. तिच्याजवळ बसून हळूच विचारा. तिला उपकेंद्रात न्या. ती कसे आवळते ते परिचारिकेला हात लावून पाहू द्या. आणि तीन महिने तिच्याबरोबर मोजा. तोवर तिला एखादी घडी लागेल. ती उन्हात वाळत घाला, लपवू नका.

पण त्या आजीला कायमची माझ्याकडे ठेवू नका. तिला त्या दुसरीच्या हवाली करा. मला ती अजूनही आवडत नाही.